रखमाबाईंचा नमस्कार

मारुतीच्या देवळासमोर रखमाबाई अचानक थांबल्या आणि मागून धावत येणारा सुधीर आईच्या पाठीवर आदळता आदळता वाचला. त्याच्या मागची मंदाकिनी, म्हणजे त्याची बायको, मात्र त्याच्यावर आदळलीच. सर्वांत मागे सायकलवर असलेल्या देवरामकाकांनी शिट्टी फुंकून लाल झेंडी दाखवली, पण तोवर अपघात होऊन गेला होता.

रखमाबाईंना याचा पत्ता नव्हता. त्यांनी उभ्याउभ्या पायांतले बूट काढले, नऊवारीचा पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटून हात जोडले.

"थांबू नका! जागच्या जागी पळा, नाहीतर अंग थंड पडेल," देवरामकाका ओरडले.

नवराबायको देवासमोर उड्या मारू लागले. दूध घेऊन चाललेल्या एका बाईंनी हा नवस कसला म्हणून चौकशीही केली.

नवस नव्हता. अंध मुलांच्या शाळेच्या मदतीसाठी ठाण्याला तलावपाळीवर दौड होती आणि ठाकुर्लीच्या त्यांच्या इमारतीने एक संघ पाठवायचं ठरवलं होतं. सभेत हात वर करणारे पुष्कळ निघाले. पहाटे उठणारे तिघंच उरले आणि ते तिघंही एकाच घरातले. त्याच इमारतीतले देवरामकाका रेल्वेतले निवृत्त गार्ड. जन्मात कधी पळाले नव्हते, पण शिट्टी आणि झेंड्या घरच्या होत्या, त्यामुळे शिकवणारे तेच.

मंदाकिनीने नाव दिलं तेव्हा घरात सगळ्यांना नवल वाटलं होतं. लग्नाआधी कराडला शाळेत असताना ती पळण्यात तालुक्यात पहिली यायची. सासरी हे कुणाला सांगायची वेळच आली नव्हती; इथे पळायचं ते नळाला पाणी आलं की. शेवटी निकाल रखमाबाईंनीच लावला.

"सून रस्त्यानं पळनार, आन् मी घरात बसून गल्लीला उत्तरं देऊ व्हय? मी बी येते. पुढं मी राहीन."

मोठं माणूस पुढे आणि बाकीचे मागे, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आता साठीला टेकलेलं हे मोठं माणूस ज्या चालीने जायचं तिला पळणं म्हणावं का, हा प्रश्न होता. पण तो विचारणार कोण? त्यात वाटेत देवळं तीन. बुटांच्या दुकानात रखमाबाईंनी नाडीचे सगळे जोड परत सारले होते. "नाड्या सोडत बसू, आन् देवाला ताटकळत ठेवू?" असं म्हणून त्यांनी पाय घातला की बसणारे, इलॅस्टिकचे पांढरे बूट घेतले. दर रविवारी मंदाकिनी ते धुऊन खिडकीत वाळत घालायची.

सुधीरला ही चाल मानवली होती. मंदाकिनीचे पाय मात्र दाव्याला बांधलेल्या वासरासारखे ओढ घेत होते.

"अहो, मला एकदा जीव खाऊन पळायचंय. एकदाच," ती एका संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली.

"मग पळ की."

"आईंना मागे टाकून?"

सुधीरने वर्तमानपत्र उघडलं. आईला मागे टाकून तो स्वतः कधी भाजी आणायलाही गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मारुतीपाशी रखमाबाईंचे डोळे मिटले आणि मंदाकिनीला राहवेना. तिने ओढणी कमरेला खोचली, विजेच्या खांबापर्यंत सुसाट गेली आणि तशीच परत येऊन जागच्या जागी उड्या मारू लागली. सुधीर 'आ' वासून बघत राहिला. देवरामकाकांना नेमका तेव्हाच चष्मा पुसायचा होता.

रखमाबाईंनी डोळे उघडले. "जाग्यावर पळून एवढा घाम?"

"उकडतंय, आई."

जानेवारीची सकाळ होती. रखमाबाईंनी बुटांत पाय सरकवले आणि पुढे निघाल्या.

पण त्या दिवसापासून त्यांचा नमस्कार लांबत चालला. आधी हात जोडले की झालं, असं असायचं. आता मारुतीपुढे अख्खं स्तोत्र, गणपतीपुढे आरतीची सगळी कडवी, आणि देवीपुढे तर काय म्हणायच्या ते देवीलाच ठाऊक. मंदाकिनीचा पल्ला खांबावरून पिठाच्या गिरणीपर्यंत आणि गिरणीवरून शाळेच्या फाटकापर्यंत गेला.

"या पळण्याने आई फारच देवभोळी झाली," सुधीर म्हणाला.

देवरामकाकांना वेगळीच काळजी होती. "वहिनी, ठाण्याला वाटेतच कोपिनेश्वराचं देऊळ आहे. तिथे असं थांबलात तर आपण दिवेलागणीला पोचू."

"बघू," रखमाबाई म्हणाल्या.

दौडीच्या दिवशी तलावपाळीवर ही गर्दी! नऊवारीतल्या बाई बघून लोक टाळ्या वाजवत होते आणि रखमाबाई प्रत्येक टाळीला वळून नमस्कार करत होत्या. त्यांच्या मागे सुधीर, त्याच्या मागे मंदाकिनी. दोन्ही बाजूंनी पोरंपोरी पुढे निघून चालल्या होत्या आणि मंदाकिनी त्यांच्या पाठींकडे बघत पाय आवरत होती. आजचा दिवस गेला की पुन्हा नळ आणि हंडे, हे तिला कळत होतं. तिला रडू येत होतं.

कोपिनेश्वर आला. सुधीर सवयीने थांबलाच. पण रखमाबाईंनी पळता पळताच कपाळाला हात लावला, "येताना भेटते रे, देवा," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. जरा पुढे तलावाच्या कठड्यावर मात्र त्यांनी बसकण मारली.

"काय झालं, आई?" मंदाकिनी धावत आली.

"नाडी सुटली."

मंदाकिनी झटकन वाकली. रखमाबाईंनी दोन्ही पाय नऊवारीखाली ओढून घेतले.

"माझी मी बांधते. येळ लागंल. तू हो पुढं."

"मी थांबते ना."

"समद्यांनी कशाला खोळंबायचं? सुधीर थांबंल. त्याला तसाबी दम लागलाय."

सुधीरने आनंदाने मान हलवली.

मंदाकिनी दोन पावलं गेली आणि वळून बघू लागली. "जा की गं!" रखमाबाई खेकसल्या. मग ती निघाली. आधी जपून, मग मोकळी, मग जीव खाऊन. कानांत वारा भरला. कॉलेजची पोरं एकेक करून मागे पडू लागली.

तलावाच्या पलीकडच्या बाजूला पोचल्यावर तिला खिडकीत वाळणारे ते बूट आठवले. पाठोपाठ मारुतीचं स्तोत्र आठवलं. पळता पळता तिला हसू फुटलं आणि डोळे भरून आले. पाण्यापलीकडे कठड्यावर रखमाबाई उभ्या होत्या. डोळ्यांवर आडवा हात धरून त्या गर्दीत कुणालातरी शोधत होत्या.

दौड संपवून ती धापा टाकत परत आली.

"बांधली का नाडी, आई?"

"बांधली," रखमाबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "चल आता. देवाला शब्द दिलाय."

कोपिनेश्वराच्या पायरीशी त्यांनी सवयीने उभ्याउभ्या बूट काढले. मंदाकिनीने ते उचलून नीट कडेला ठेवले आणि स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडायला खाली बसली. गाठी घामाने घट्ट बसल्या होत्या, सुटता सुटेनात. आत घंटा वाजत होत्या. रखमाबाई पायरीवरच उभ्या राहिल्या, सुनेच्या नाड्या सुटेपर्यंत.