गुणव्वाची ओळ

मला एका गोष्टीचा फार राग येतो. माणसाला एखादं अक्षर वाचता आलं नाही की तो बिनदिक्कत म्हणतो, कचरा आहे. लातुरात औसा रोडला माझं दुकान आहे. लोकांच्या वेबसाइटी करून देते, बिघडलेल्या नीट करते. रोज कुणीतरी मोबाईल पुढं करतं आणि म्हणतं, "मॅडम, पेजवर कचरा येऊन राहिला, साफ करा." साफ करा म्हणे. मी काय नगरपालिकेची घंटागाडी आहे?

सिद्धेश्वर आला तोही हेच म्हणत आला. नांदेडला शाळेत मास्तर आहे, बोलणं नम्र, शर्ट इस्त्रीचा. सोबत आई गुणाबाई आणि बहीण आरती. आरतीचं लग्न ठरलेलं, सोमवारी गावी हळद. गाव निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिकडं घरात कानडी बोलतात आणि शाळा मराठीत शिकतात. मी उदगीरची, आमच्याही घरात तेच. कानडीत भांडायला सांगा, तासभर भांडेन. कानडी अक्षर मात्र एक वाचता येत नाही.

"हे गाणं हाय," आरती म्हणाली. "आमच्या घरात हळद दळताना म्हणत्यात."

मग तिनंच सगळं सांगितलं. त्या घरात जी सून येते तिच्यावर थोरली जाऊ एक ओळ रचते. कुठून आली, काय घेऊन आली. रत्नव्वा आली, काशाची परात घेऊन आली. नीलव्वा आली, दार आपटायची सवय घेऊन आली. घरात लग्न निघालं की बायका जात्यावर बसतात आणि पहिल्या सुनेपासून सगळ्यांच्या ओळी म्हणतात, हसून हसून लोळतात. फक्त एक नेम आहे. जिची ओळ आली तिनं उठायचं, अंगणात जाऊन कान झाकून उभं राहायचं, आणि पुढची ओळ सुरू झाली की आत यायचं. स्वतःची ओळ स्वतःच्या कानांनी ऐकायची नाही. नंतरही कुणी तिला ती सांगायची नाही. मला वाटतं, मोकळेपणानं टवाळी करता यावी म्हणून कुण्या चतुर बाईनं काढलेली सोय असेल. पण पाळतात मात्र कडक.

आता अडचण बघा. गाणं येणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या. थोरली जाऊ नीलव्वा गेल्या वर्षी गेली. बाकीच्या नुसता मागून सूर ओढणाऱ्या, म्हणणारी राहिली एकटी गुणाबाई. तिला सगळं गाणं पाठ आहे, फक्त एक ओळ सोडून. तिची स्वतःची.

"आणि एखादी ओळ गाळली तर?" मी विचारलं.

"जिची गाळली ती घरची न्हाई," आरती म्हणाली. "आईची वळ न्हाई मिळाली तर मी हळद लावून घेणार न्हाई. सांगून ठेवलंय दादाला."

दादा खाली बघत होता. ती ओळ जगात एकाच ठिकाणी उरली होती. नीलव्वाचा मुलगा अमरेश कलबुर्गीला सरकारी ऑफिसात होता. त्यानं आईकडून गाणं उतरवून घेतलं, तिची स्वतःची ओळ दुसऱ्या म्हातारीकडून, आणि सगळं एका पेजवर टाकलं. तो करोनात गेला. पेज राहिलं, पण उघडलं की नुसता गोंधळ दिसे. इंग्रजी पी, त्याला चिकटून डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, मग पौंडाचं चिन्ह, परत तो रेघवाला ए. ओळींमागून ओळी तशाच.

"मी थोडं साफ केलं मॅडम," सिद्धेश्वर म्हणाला. "पासवर्ड होता माझ्याकडं. त्या रेघा, ते पौंड, सगळं काढलं. दोन-तीन ओळी झाल्या, मग कंटाळा आला."

माझं डोकंच फिरलं. "कुठल्या ओळी?"

"आठवत न्हाई. वरच्या असतील. का खालच्या."

"मास्तर, पोराची वही वाचता आली नाही तर तुम्ही अर्धी अक्षरं खोडून टाकता का?"

बिचारा चहा सांगून येतो म्हणाला आणि बाहेर गेला, आरतीही त्याच्या मागं त्याला झापायला गेली. तेव्हा गुणाबाई पहिल्यांदा बोलली.

"बाई, न्हाई सापडली तर न्हाई सापडली. त्यांना सांग, गेली म्हणून."

"का हो मावशी?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मी किल्लारीच्या बाजूची. भूकंपात आमचं घर गेलं, आई-बाप गेलं, भाऊ गेला. दुसऱ्या वर्षी मामानं पत्र्याच्या शेडातून लगीन लावून दिलं. अंगावरच्या लुगड्यावर आले. परात न्हाई, भांडं न्हाई, मागं यायला माणूस न्हाई. आता माझ्यावर वळ रचायची तर काय रचतील? काय घेऊन आली?"

मी पाण्याचा ग्लास तिच्यापुढं सरकवला.

"सगळ्यांच्या वळीला आतून हसू येतं बघ. मी अंगणात कान झाकून उभी राहते, तरी हसणं काय लपतं व्हय? माझ्या वळीला कुणी हसत न्हाई. एवढी वरसं झाली, एकदाबी न्हाई. जातं सुद्धा थांबतं. नीलव्वा तोंडाची लई कडक होती. तिनं मढी मोजली असतील माझ्या वळीत. दुसरं काय. पोरीच्या हळदीत ते कशाला म्हणायचं?"

पोरीला ओळ हवी होती आणि आईला तिची भीती वाटत होती. मी मावशीला म्हटलं, बघू तर द्या. तिनं मान हलवली, पण हाव म्हणाली का न्हाई म्हणाली ते मला कळलं नाही.

ती मंडळी गेली आणि मी पेज उघडून बसले. आधी नुसती बघत राहिले. असल्या कामात बघत बसणं हेच अर्धं काम असतं. पडद्यावर प्रश्नचिन्हं दिसली असती तर मी त्याच मिनिटाला हात टेकले असते, कारण साठवतानाच अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसलं की आतलं अक्षर मेलेलं असतं, ते ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाही. इथं प्रश्नचिन्हं नव्हती. इथं नुसती अनोळखी गर्दी होती. आणि थोड्या वेळानं मला दिसलं की ती गर्दी तालात आहे. प्रत्येक ओळीतला पहिला शब्द वेगळा, पण त्याची शेपटी एकच. त्याच्या पुढचा शब्द तर सगळीकडं हुबेहूब सारखा. कचरा असा ताल धरत नाही. मी तोंडानं म्हणून बघितलं. रत्नव्वा बंदळु, नीलव्वा बंदळु. रत्नव्वा आली, नीलव्वा आली. शेपटी म्हणजे व्वा, आणि पुढचा शब्द म्हणजे आली.

अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. त्या घरातल्या सगळ्या सुना एकीखाली एक माझ्यासमोर उभ्या होत्या आणि लोक त्यांना कचरा म्हणत होते.

काय झालं होतं ते आता उमगलं. अमरेशनं ऑफिसातल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. त्या जमान्यात कॉम्प्युटरला आपली अक्षरं येत नसत. मग लोकांनी युक्ती केली. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच ठेवायची, वरून फॉन्ट असा चढवायचा की पी च्या जागी क चं रूप दिसावं. तो फॉन्ट ज्याच्याकडं असेल त्याला गाणं दिसणार, नसेल त्याला पौंड दिसणार. अमरेशच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट होता. बाकी जगाकडं नव्हता, आणि हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

फॉन्ट शोधायला वेळ लागला, पण सापडला. मी तो बसवला, पेज पुन्हा उघडलं, आणि एका क्षणात पौंड नाही, रेघवाला ए नाही, सगळी कानडी. गोल गोल, भरलेली, एका रांगेत. आतलं एकही अक्षर मी बदललं नव्हतं. ते होतं तिथंच होतं, इतकी वर्षं, कुणी वाचेल म्हणून. मी खुर्चीवरून उठून दुकानात एक चक्कर मारली. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, ताई, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पाहुण्या आल्यात.

पण हे फक्त माझ्या मशीनवर दिसत होतं. जगात सगळीकडं दिसावं म्हणून ते युनिकोडमध्ये न्यायला हवं होतं. युनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक अक्षराला दिलेला कायमचा घरनंबर. चिनी असो, अरबी असो, कानडी असो, प्रत्येकाचा नंबर वेगळा, दुसऱ्याच्या घरात कुणी घुसायचं नाही. मी गाणं त्या नंबरांवर नेलं. मग मला ते वाचायचं होतं, आणि मी पडले कानडी अक्षरांना आंधळी. म्हणून कानडीचे नंबर आणि मराठीचे नंबर शेजारी शेजारी लावून बघितले, आणि पुन्हा गार पडले. आपल्या गल्लीत क ज्या घरात राहतो, कानडीच्या गल्लीत क बरोबर त्याच घरात राहतो. ख च्या जागी ख, ग च्या जागी ग, काना, उकार, सगळे आपापल्या जागी. कुण्या शहाण्या माणसांनी, या सगळ्या लिप्या एका आईच्या लेकी आहेत हे ओळखून, घरं तशीच वाटली होती. मी इतकी वर्षं या धंद्यात, आणि हे कधी नजरेला पडलं नव्हतं. गल्ली बदलायची, घरनंबर तोच. दोन ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि कानडी गाणं देवनागरीत आलं.

मास्तरनं साफ केलेल्या ओळी वरच्याच निघाल्या. सगळ्यात जुन्या सुनांच्या. तिथं नुसती लुळी अक्षरं पडली होती, पण त्या गुणाबाईला पाठ होत्या. आणि त्यांच्या बऱ्याच खाली गुणव्वाची, म्हणजे गुणाबाईची, ओळ अखंड होती. मी ती वाचली. मग दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती तिघं आली. आरतीनं ओळ वाचली आणि तोंडावर ओढणी धरली. गुणाबाईनं पडद्याकडं पाठ केली होती.

"हाय का?" तिनं विचारलं.

"हाय, मावशी. अख्खी हाय."

"मला नगं दाखवू." आणि खराब झालेल्या वरच्या ओळी तिनं मला म्हणून दाखवल्या, भराभर, मला टाइप करायला त्रास व्हावा इतक्या भराभर.

सोमवारी मी हळदीला गेले. बोलावलं होतंच, नसतं बोलावलं तरी गेले असते. सोप्यात जातं मांडलेलं, हळकुंडं वाटीत, बायका गोल. गुणाबाई म्हणत होती आणि बाकीच्या मागून सूर ओढत होत्या. रत्नव्वाच्या परातीला हसल्या, नीलव्वाच्या दाराला तर इतक्या हसल्या की जात्याचा खुंटा सुटला. मग गुणाबाई एकदम थांबली, उठली आणि अंगणात गेली. आता ओळ आरती म्हणणार होती. मी गुणाबाईच्या मागं गेले. तिला एकटीला उभं राहू द्यायचं माझ्या जिवावर आलं होतं.

तिनं दोन्ही हातांनी कान घट्ट झाकले होते. आत आरतीचा आवाज उठला, थरथरला, ओळ पूर्ण झाली. हसू आलं नाही. जातं थांबलं. कुणीतरी नाक ओढलं.

गुणाबाई माझ्याकडं बघत होती. "बघितलंस?" ती म्हणाली. "मी म्हणलं नव्हतं? पोरीच्या हळदीला रडवलं माझ्या वळीनं."

मग मात्र माझा तोल सुटला. एवढी वर्षं ही बाई याच अंगणात उभी राहून स्वतःला अपशकुनी समजत होती, आणि आत बसणाऱ्या त्या म्हाताऱ्यांना खरं माहीत होतं, आणि नेम म्हणून एकीनंही तोंड उघडलं नव्हतं. नेम काय होता? कानांनी ऐकायचं नाही, कुणी सांगायचं नाही. डोळ्यांचं कुणीच काही ठरवलं नव्हतं, कारण नेम घातला तेव्हा त्या घरात वाचता येणारी बाईच नव्हती. गुणाबाई चौथी शिकलेली होती.

मी मोबाईलवर देवनागरीतलं पेज उघडलं, अक्षरं मोठी केली आणि तिच्या डोळ्यांपुढं धरलं. कान झाकूनच ठेवा, असं हातानं खुणावलं. ती मान फिरवणार होती. पण पहिला शब्द तिचं नाव होतं, आणि स्वतःचं नाव दिसल्यावर नजर फिरत नाही. ती ओठ हलवत, एकेक अक्षर जोडत वाचू लागली.

गुणव्वा बंदळु, एन तंदळु केळब्याड्री, आकी हादीन नाव कायतिद्दिवी.

गुणव्वा आली. काय घेऊन आली ते विचारू नका. आम्ही तिचीच वाट बघत होतो.

तिचे हात कानांवरून खाली आले. तिनं मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि दोन्ही हातांत धरला, जवळ नेला, लांब नेला. "नीलव्वानं?" ती म्हणाली. मी नुसती मान हलवली, तोंडानं सांगायचं नव्हतंच.

आतून कुणीतरी हाक मारली. "गुणव्वा, ये की आत. पुढची वळ अडलीय."

ती जागची हलली नाही.

"थांबत्याल," ती म्हणाली. "मला अजून एकदा वाचू दे."