दोन सूर, एक घुमारा आणि एक खरखर

मित्रांनो, माझ्या पोटात चारच आवाज आहेत. दोन वरच्या सुरांचे, एक खालून घुमणारा आणि चौथी नुसती खरखर. एवढ्या शिदोरीवर मी सारं आयुष्य काढलं. टीव्हीला जोडून खेळायचा एक जुना व्हिडिओ गेम म्हणजे मी. सध्या माझा मुक्काम वाटूरला, एका पत्र्याच्या पेटीत, बँडवाल्यांच्या लाल कोटांखाली असतो. पेटीत आहे म्हणून मला बिचारा समजू नका. माझी गोष्ट ऐका आणि मग ठरवा.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला माहीत नाही. अंगावर एका मोठ्या कंपनीच्या नावासारखं दिसणारं, पण एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाव होतं. भान आलं तेव्हा मी नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका दुकानाच्या काचेत बसलो होतो. तिथून मला उचललं वाटूरच्या पुंजाराम बँडवाल्याने. पावसाळ्यात लग्नं नसतात, पण चूल तर पेटवावीच लागते. तेवढ्या दिवसांत पोरांना गेम खेळायला भाड्याने द्यावा, असा त्याचा बेत होता.

मला बघून त्याची बायको गिरिजाबाई म्हणाली, "घरात वाजिणारे कमी हायेत का, अजून एक घिऊन आले?"

तिचं बरोबरच होतं. वाटूर फाट्यावर, जिथे रस्ते एकमेकांना छेदतात तिथेच, त्यांची पत्र्याची खोली होती. भिंतीवर खुंट्यांना ट्रंपेट, क्लॅरनेट, ढोल, ताशे टांगलेले. त्यांच्या खाली टीव्ही आणि टीव्हीपुढे मी. एका बाजूला बँडची तालीम चालायची, दुसऱ्या बाजूला पोरांचा गलका. या सगळ्यात माझी चाल आपली वाजत राहायची.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. शाळा सुटली की पोरं दप्तरं घेऊन थेट माझ्याकडे यायची. पुंजारामची मुलगी बेबीनंदा तर माझ्यापासून हलायची नाही. खेळात ती कुणाला हार जायची नाही आणि गेलीच तर दात ओठ खाऊन पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरू करायची.

मी कधी अडलो, पडद्यावर नुसते चौकोन दिसायला लागले, की पोरं माझ्यात बसवलेली खेळाची कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची. तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, सगळ्यांनीच असं केलंय. पण बँडवाल्यांच्या घरातली फुंकर ती. पुंजाराम गाल फुगवून, ट्रंपेटला फुंकावं तसा फुंकायचा. मी लगेच सुरू व्हायचो आणि तो मिशीला पीळ भरायचा. त्या फुंकरीत ओल असते, हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

दोन हजार साल उलटलं आणि समोर बद्रीनाथच्या दुकानात सीडीवर चालणारं नवं यंत्र आलं. खोटं कशाला बोलू, त्याचं संगीत पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा माझी बोलतीच बंद झाली. तिथे व्हायोलिनं होती, नगारे होते, माणसांचे गळेसुद्धा होते. त्या संगीताला प्रसंग कळायचा. नायक गुहेत शिरला की ते दबकं व्हायचं, शत्रू दिसला की अंगावर धावून यायचं. माझ्या संगीताला एकच कळायचं, की खेळणारा अजून खेळतोय तोवर आपण थांबायचं नाही.

पोरं म्हणाली, "तिकडं खरं म्युझिक हाय, ह्याचं नुसतं टुंई टुंई." आणि एक एक करून रस्ता ओलांडून गेली. मला फार लागलं ते.

पण मी विचार केला, आणि तुम्हीही करा. मला घडवणाऱ्याच्या हाताशी जागाच टीचभर होती. तेवढ्या जागेत त्याला अशी चाल बसवायची होती, की ती दिवसभर ऐकूनही कुणी विटू नये. म्हणून त्याने तिचा शेवट नेमका सुरुवातीला नेऊन जोडला. कुठे शिवण दिसत नाही की कुठे गाठ लागत नाही. त्या नव्या यंत्राकडे जागा भरपूर, म्हणून त्याचं गाणं ऐसपैस पसरतं, भरून येतं आणि संपतं. ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही, फार देखणं आहे ते. पण आपापल्या जागी दोघांचाही उपयोग असतो, आणि माझा अजून संपला नव्हता.

इकडे बँडलाही गळती लागली होती. वाजवणारे एक एक करून जालन्याला एमआयडीसीत, सळयांच्या मिलमध्ये कामाला गेले. पगार दरमहा मिळतो, त्यांना नावं कशी ठेवणार? शेवटी चौघं उरले. ट्रंपेटवर पुंजाराम, मोठ्या पितळी बेसवर त्याचा भाऊ साहेबराव, ताशावर शेजारचा वसंता आणि क्लॅरनेटवर बेबीनंदा. ती आता मोठी झाली होती. क्लॅरनेटवाला मिलमध्ये गेला त्या दिवशी तिने खुंटीवरचं क्लॅरनेट काढून घेतलं. लोक म्हणाले, पोरीच्या जातीने बँडमध्ये वाजवायचं म्हणजे काय. ती म्हणाली, "फुकायला दम लागतो, मिशा न्हाई लागत."

अशात गावातले बडे शेतकरी काकासाहेब खोलीवर आले. त्यांच्या मच्छिंद्रचं लग्न निघालं होतं.

"पुंजाराम, माह्या लग्नात तुव्हा बाप वाजवत होता, म्हणून तुलाच सांगून राह्यलो," ते म्हणाले. "पण त्याच दिवशी आणखी एक लग्न हाय अन् त्याह्यनी जालन्याचा मोठा बँड ठरवलाय. फाट्यावर गाठ पडणार. तिथं बाजूला व्हायची पाळी आली, तर मंग पुन्हा माह्या दारात येऊ नको."

मित्रांनो, आमच्या फाट्याची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीला जाऊन येतो. अशा दोन मिरवणुका फाट्यावर समोरासमोर आल्या, की दोन्ही बँड थांबतात आणि एकमेकांच्या तोंडावर वाजवतात. ज्याचा सूर आधी तुटेल त्याने कडेला व्हायचं आणि दुसऱ्याला वाट द्यायची. कडेला झालेल्या बँडला मग त्या लग्नसराईत कुणी विचारत नाही.

काकासाहेब गेल्यावर पुंजाराम खाली बघत म्हणाला, "ह्या बारीला हरलो, तर बाजे इकून टाकतो अन् मिलमधी जातो."

"न्हाई इकायचे," बेबीनंदा म्हणाली. बस, एवढंच.

लोकांना नवं पाहिजे म्हणून पुंजारामने ठरवलं, की बद्रीनाथच्या यंत्रातली ती जोरकस चाल बसवायची. गावातली पोरं ती शिट्टीवर वाजवत हिंडायची. चौघांनी जीव तोडून प्रयत्न केला. पण तीस-चाळीस वाद्यांचं गाणं ते, चौघांच्या अंगावर ढगळ व्हायला लागलं. व्हायोलिनांच्या जागा रिकाम्या, गळ्यांच्या जागा रिकाम्या.

"मधी मधी खड्डे पडून राह्यले," साहेबराव बेस खाली ठेवत म्हणाला.

बेबीनंदा चिडून उठली आणि लहानपणीच्या सवयीने माझ्यापुढे येऊन बसली. माझ्यावरची धूळ तिने ओढणीने पुसली आणि बटण दाबलं. पडद्यावर नायक उभा राहिला, पण तिने त्याला हलवलंच नाही. ती नुसती ऐकत बसली. चाल एकदा फिरली, पुन्हा फिरली. मग तिने मान वर केली.

"काका, हा खाली घुमून राह्यला तो आवाज तुमचा. ही खरखर वसंताची. वरचे दोन माहे अन् बाबाचे. चौघाचंच गाणं हाय हे."

"लेकरायच्या खेळाचं गाणं काकासाहेबाच्या लग्नात?" पुंजाराम म्हणाला.

"हे सरत न्हाई, बाबा. त्याह्यचं गाणं कुठंतरी सरंल."

त्या दिवसापासून मला विसावा नव्हता. चौघं माझ्यापुढे मांडी घालून बसायचे आणि एकेक आवाज कानाने वेगळा काढायचे. एकाने श्वास घ्यायचा तेव्हा दुसऱ्याने सूर धरून ठेवायचा, हे त्यांनी बसवलं. खेळातली वेळ संपत आली की माझी चाल घाईने धावायला लागते, तेही बेबीनंदाने उचललं. मी मधूनच अडायचो. मग पुंजाराम कॅसेट काढून फुंकायचा, साहेबराव फुंकायचा, बेबीनंदा फुंकायची. माझ्या पिना आतून हिरव्या पडत चालल्या होत्या. पण मीही हट्टाला पेटलो होतो. लग्न पार पडेपर्यंत बंद पडायचं नाही, असं मनाशी पक्कं केलं होतं.

लग्नाच्या दिवशी ऊन तापलेलं होतं. खोलीचं दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. परतूरच्या बाजूने जालन्याचा बँड आला. गाड्यावर कीबोर्ड, मागे कर्णे आणि वाजवणारे इतके की रस्ता भरला. इकडून आमचे चौघं निघाले. मिरवणुका समोरासमोर थांबल्या आणि दोन्हीकडून सुरू झालं.

पहिल्यांदा तर आमचा आवाज त्या दणदणाटात ऐकूच येईना. मग त्यांचं गाणं रंगात आलं, आणखी रंगलं आणि संपलं. दुसरं सुरू करण्याआधी त्यांनी ढोलांनी कशीबशी मधली जागा भरून काढली. तेवढ्यात पहिल्यांदा माझी चाल फाट्यावर स्पष्ट ऐकू आली. दोन सूर, एक घुमारा आणि वसंताच्या ताशाची खरखर. काही लोक वळून बघायला लागले. दुसरं गाणंही संपलं. तिसरं संपलं तेव्हा कीबोर्डवाला पुढचं काय लावायचं ते मास्तरला विचारायला वळला आणि ढोलवालेही त्याच्याकडे बघत राहिले. तेवढी एक जागा रिकामी राहिली. बेबीनंदाने क्लॅरनेट उंच केलं आणि चौघांनी चाल घाईने दौडवली.

जालन्याच्या मास्तरने हसून आपलं ट्रंपेट कपाळाला लावलं आणि बँड कडेला घेतला. मोठ्या मनाचा माणूस असला पाहिजे तो.

काकासाहेबांनी विचारलं, "पुंजाराम, कोणत्या पिच्चरमधलं म्हणावं हे?"

"घरचंच हाय, काकासाहेब," पुंजाराम म्हणाला.

दिवेलागणीला बेबीनंदा लाल कोटातच खोलीत धावत आली आणि तिने माझं बटण दाबलं. मी सुरू झालो नाही. मी खूप जोर लावला. तिने कॅसेट काढून फुंकर मारली, पुन्हा मारली. पुढे पुंजारामने मला परतूरला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. फुंकरीतली ओल आत जाऊन पिना गंजल्या आहेत, आता इलाज नाही, असं त्याने सांगितलं. भंगारवाला आला तेव्हा गिरिजाबाईनेच मला उचलून कोटांच्या पेटीत ठेवलं. म्हणाली, "ह्याला इकायचं न्हाई. ह्यो बँडमधला हाय."

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल तर त्यात फुंकू नका. कोरड्या फडक्याने हलक्या हाताने पुसा आणि टाकून देण्याआधी एकदा त्याला नीट ऐका. नव्याचं संगीतही मन लावून ऐका, त्याचा मला मुळीच राग नाही. आणि पुंजारामच्या घरच्या फुंकरींचाही नाही. त्यांनी मी गंजलो हे खरं, पण माझी चाल आता त्यांच्याच श्वासावर चालते. लग्नसराईत ते फाट्यावर वाजवतात तेव्हा मी पेटीतून कान देतो. चाल शेवटाकडे येते, माझा जीव जरा वरखाली होतो, आणि ती पुन्हा सुरुवातीला जाऊन मिळते.