आठवी पायरी

"गुरुजी, मला पाठ करायला शिकवा," असं नेत्रा म्हणाली तेव्हा ती माझी थट्टा करते आहे असं मला वाटलं. थळच्या अलीकडच्या आमच्या गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीभर शिकवलं, आणि निवृत्तीनंतरही संध्याकाळी मुलं माझ्या पडवीत येऊन बसतात. त्या पडवीचा एकच नियम आहे. जे समजलं नाही ते पाठ करायचं नाही. नेत्रा हा नियम सगळ्यांत कडक पाळणारी. चौथीत असताना तिने विचारलं होतं, इथे भरती येते तेव्हा ते पाणी कुठून कमी होतं? उत्तर द्यायला मला आठवडा लागला होता.

आता ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, आणि नापास होण्याच्या बेतात होती. ज्या विषयात नापास होणार होती त्याचं नाव होतं 'चिकित्सक विचार कौशल्ये'.

हल्लीची मुलं विचार करत नाहीत म्हणून हा विषय सगळ्यांना सक्तीचा केलेला. तो शिकवायला कुलदीप सर म्हणून एक तरुण प्राध्यापक होते. मनाने चांगला माणूस, पण वर्गात मुलं भरपूर आणि वेळ थोडा, म्हणून त्यांनी चिकित्सक विचाराच्या सात पायऱ्या तयार करून सगळ्यांना उतरवून दिल्या होत्या. मार्चमधल्या चाचणीत प्रश्न आला, चिकित्सक विचाराच्या पायऱ्या सोदाहरण लिहा.

नेत्राला 'सोदाहरण' या शब्दाने भुलवलं. त्या दिवसांत गावातल्या सगळ्या फोनवर एक निरोप फिरत होता की ताडगोळे खाऊन वर मासे खाल्ले तर पोटात विष होतं. नेत्राने हा निरोप कुठून आला ते शोधायला सुरुवात केली होती. तिला तो पाठवला शेजारच्या अल्पेशने, अल्पेशला त्याच्या मावशीने, मावशीला पेणच्या कुठल्याशा ग्रुपवरून आला. पोट दुखलेला माणूस मात्र कोणालाच माहीत नव्हता. मग तिने एके दुपारी ताडगोळे खाल्ले, वर बांगडा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी कॉलेजला गेली. हे सगळं तिने पेपरात लिहिलं. सरांनी लाल शाईने शेरा मारला, "पायऱ्या कुठे आहेत?" वीसपैकी दोन गुण मिळाले, ते बहुधा अक्षराचे.

अल्पेश त्याच वर्गात. त्याने सातही पायऱ्या खाली रेघा मारून लिहिल्या आणि वीसपैकी वीस मिळवले. यंदाच्या हंगामात अल्पेशने ताडगोळ्याला हात लावलेला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण नेत्राचे वडील हिरामण यांची अट होती. हिरामणही माझाच विद्यार्थी. त्याचे ट्रक आहेत आणि वडखळच्या रस्त्याला छोटंसं ऑफिस आहे. त्या ऑफिसात कामाला असलेला मुलगा नोकरी सोडून गेल्यापासून त्याची नजर नेत्रावर होती. एका जरी विषयात नापास झालीस तर कॉलेज बंद आणि ऑफिसात बसायचं, असं त्याने जूनमध्येच सांगून ठेवलं होतं. नेत्राला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. आमच्या किनाऱ्याचे काळे खडक कुठून आले हे तिला अजून नीटसं कळलेलं नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय ऑफिसात बसायची तिची तयारी नव्हती.

म्हणून मी, ज्याने उभ्या आयुष्यात कोणाला घोकायला लावलं नाही त्याने, तिला चिकित्सक विचार घोकायला बसवलं.

मला ते जमेना. पहिली पायरी प्रश्न ओळखणे, दुसरी माहिती मिळवणे, तिसरी पुरावा तपासणे, चौथी आपले पूर्वग्रह ओळखणे. इथे ती थांबली. म्हणाली, पूर्वग्रह चौथ्या पायरीवर ओळखायचे, तर तिसरीवर पुरावा तपासला तो पूर्वग्रहानेच तपासला ना? मी म्हटलं, बाळ, हे विचारायचं नाही, पाठ करायचं. म्हणताना माझीच जीभ अडखळली. मग आम्ही त्यावर बोलत बसलो. पायऱ्या असाव्यात की चक्र असावं यावर वाद झाला. दिवे लागले तेव्हा आमच्या दोघांच्याही डोक्यात बरंच काही आलं होतं, पण सात पायऱ्यांतल्या तीनसुद्धा ओळीने म्हणता येत नव्हत्या. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी तिची आजी आवडाबाई तिला जेवायला बोलवायला आली. आवडाबाई म्हणजे हिरामणची आई, आणि आमच्या पंचक्रोशीतली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गायल्याशिवाय हळदीला हात लागत नाही. कोणत्या विधीला कोणता धवला, कोणत्या देवाला आधी बोलवायचं, सगळं तिला तोंडपाठ. ती पडवीच्या पायरीवर टेकली आणि आमची झटापट ऐकत राहिली.

"गुरुजी, असा कोरडा कसा पाठ होईल?" ती म्हणाली. "चालीत घाला. चाल गान्याची पुढची ओल आपोआप आनते."

आणि तिने चालीत घातलं. पुस्तकी शब्द तिने आपल्या शब्दांनी बदलले. पूर्वग्रहाचं 'मनातला मल' झालं, निष्कर्षाचं 'निवाडा'. नेत्रा मागून ओळ उचलू लागली. हळदीच्या मांडवात ऐकू यावी तशी चाल माझ्या पडवीत घुमायला लागली, आणि समोरच्या घरातली माणसं कोणाचं लग्न ठरलं ते बघायला बाहेर आली. पण सातव्या पायरीवर आवडाबाई थांबली.

"सरल्या गो?"

"सातच आहेत, आजी."

"सातान चाल बसत न्हाय. धवला जोडीजोडीनं चालतं. सातवीला जोड नको?"

नेत्रा म्हणाली, सरांनी सातच दिल्या आहेत. आवडाबाईने क्षणभर विचार केला आणि गाऊनच टाकलं:

"सातवी पायरी निवाडा पारखू,
आठवी पायरी मोठ्यांना इचारू."

"हे काय घातलंत?" मी विचारलं.

"एवरा सगला ठरवलास, त घरातल्या मोठ्यांना नको इचाराला?" आवडाबाई म्हणाली. "आमच्यात मोठ्यांना इचारल्याबिगर मांडव पन घालत न्हाय."

ती जोड तेवढ्यापुरती आहे, पेपरात सातच लिहायच्या, असं मी नेत्राला बजावून सांगितलं. तिनेही मान हलवली. परीक्षेपर्यंत ती भांडी घासताना, केस विंचरताना, मांडव्याच्या रस्त्याला रिक्षाची वाट बघताना तो धवला म्हणत होती.

परीक्षेच्या दिवशी ती पडवीत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. पेपर सोपा होता. प्रश्न तोच होता. हात चालीवर धावत सुटला आणि आठवीपर्यंत गेला. बाहेर येऊन मनात धवला म्हणताना तिला ते लक्षात आलं. तिने आठवी पायरी नुसती लिहिलीच नव्हती, चांगल्या मराठीत लिहिली होती: 'अंतिम निर्णयापूर्वी कुटुंबातील ज्येष्ठांची संमती घेणे.' मी तिला धीर दिला. एका पायरीसाठी कोणी नापास करत नाही, असं म्हणालो. माझा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता.

निकाल लागला आणि नेत्राला अल्पेशपेक्षा जास्त गुण पडले. कुलदीप सरांनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. त्यांनी दिलेल्या सात पायऱ्यांच्या पलीकडे जाऊन या विद्यार्थिनीने संदर्भ शोधला, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं होतं. विषयाला आपल्या मातीतला आधार हवाच होता, असं ते म्हणाले आणि कोणत्या ग्रंथात ही पायरी आली आहे ते विचारलं.

नेत्रा माझी विद्यार्थिनी. तिने खरं सांगितलं. ही आजीने चाल बसावी म्हणून घातलेली ओळ आहे, तिला ग्रंथ नाही, आणि ती पायरी आपल्याला बरोबरही वाटत नाही. गुण कापायचे असतील तर कापा, असंही म्हणाली. सरांनी चष्मा पुसला. "म्हणजे मौखिक परंपरा," ते म्हणाले आणि तसं टिपून घेतलं. नव्या वर्षाच्या छापील नोट्समध्ये आठ पायऱ्या आल्या. आठवीपुढे कंसात 'लोकपरंपरा' असं होतं.

त्या नोट्स अल्पेशने घरी आणल्या, कारण त्याच्या धाकट्या बहिणीने त्याच कॉलेजात नाव घातलं होतं. तिथून त्या हिरामणच्या हाती लागल्या. हिरामणने शाळा सोडल्यापासून वाचलेला हा पहिला अभ्यासक्रम असावा. दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. मागून नेत्रा आली आणि तिच्यामागून आवडाबाई.

तो म्हणाला, पोरगी पास झाली, मी शब्द पाळतो. पण गुरुजी, हे बघा, कॉलेजनेच छापलंय. त्याने आठव्या ओळीवर बोट ठेवलं. शेवटचा निर्णय मोठ्यांचा. आणि ऑफिसात अजून माणूस मिळालेला नाही.

मी त्याला सांगायला लागलो की ही ओळ कशी आली, नेत्राने सरांनाही खरं कसं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, पण बोट ओळीवरून हललं नाही. छापलेलं आहे ना, एवढंच त्याचं म्हणणं. मला वाटलं, आता संपलं. इतकी वर्षं मुलांना सांगत आलो की छापलंय म्हणून खरं मानू नका, त्यांतलाच हा एक.

नेत्राने त्याच्या बोटाखालून नोट्स काढून घेतल्या, वाचल्या आणि बापाला विचारलं, "बाबा, ही पायरी सगळ्यांना लागू आहे ना?"

"मग? सगळ्यांनाच."

"तुम्हालापण?"

हिरामणने त्या ओळीकडे पुन्हा पाहिलं. मग सावकाश त्याची मान आईकडे वळली. आवडाबाई पायरीवर पदर सावरून बसली होती, जणू लग्नाची बोलणी करायला आलेली.

"आये," हिरामण म्हणाला, "तू काय म्हनतंस?"

आमच्यात मोठ्यांना विचारलं की मोठी माणसं लगेच उत्तर देत नाहीत, दिलं तर मान राहत नाही. तिने चहा मागितला. सगळा संपवला. मग म्हणाली, "जाऊदे तिला."

"मग ऑफिसात कोन बसंल?"

"तू बस. ट्रकला डायवर हायेत ना."

दुसऱ्या दिवशी नेत्रा भूगर्भशास्त्राचा प्रवेश घेऊन आली. मी पेढा तिच्या हातावर ठेवला. तिने तो खाल्ला नाही, हातातच धरून बसली.

"गुरुजी, मी कारण चुकीचं वापरलं," ती म्हणाली. "ती पायरी मला पटत नाही आणि मी तिच्याच जोरावर सुटले. आजी नाही म्हणाली असती तर?"

शेजारच्या अंगणात अल्पेशची बहीण आठ पायऱ्या पाठ करत होती. मी नेत्राला विचारलं, "मग तू काय केलं असतंस?"

ती विचार करू लागली. मी घाई केली नाही.