मंगळवारच्या सह्या

“चारच महिने भरतात तुमचे,” खिडकीमागच्या कारकून बाई म्हणाल्या. “सरकारी आरोग्य विम्याला सलग सहा महिन्यांचा रहिवास लागतो.”

लिफ्ट मेकॅनिकनं मागे वळून पाहिलं. मागच्या बाकावर त्याची बायको उजवी कूस दाबून बसली होती. तिच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. तोवर विम्याचं कार्ड हाती आलं नाही, तर तिची तारीख दुसऱ्याला जाणार होती.

“पण मॅडम, आम्हाला या शहरात येऊन सात महिने झाले.”

“मग अर्जात आगमनाची तारीख चार महिन्यांपूर्वीची का? अक्षर तुमचंच ना?”

“माझंच. ती तारीख खोली भाड्यानं घेतल्याची आहे. आमच्या कामात असंच लिहितात. लिफ्ट गोदामात येऊन पडली ती तारीख कोण धरतं? माणसं घेऊन चालायला लागली, ती धरायची.”

“तुम्ही लिफ्ट आहात का?”

“त्याआधी आम्ही दादाकडे होतो,” बायको बाकावरूनच म्हणाली. “माझ्या भावाकडे. बाहेरच्या खोलीत गादी टाकून.”

“गादीवर शिक्का नसतो हो ताई. इथे होतात याचा एखादा कागद द्या, काहीही चालेल.”

मेकॅनिकनं पिशवी पुन्हा चाचपली. भाडेकरार, पगाराच्या चार पावत्या. पहिले तीन महिने कंपनीनं हातावरच पगार दिला होता.

“अहो,” बायको म्हणाली, “दर मंगळवारी उजाडता उजाडता तुम्ही कुठे येता?”

मेकॅनिकनं कपाळावर हात मारला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ऑफिस उघडायच्या आधी येऊन तो याच इमारतीची लिफ्ट तपासायचा. “दर वेळी लिफ्टच्या आतल्या तक्त्यावर सही करतो मी,” तो म्हणाला.

“आतल्या?” बाईंचा चेहरा उतरला. “मी नाही त्या लिफ्टमध्ये जात. दोनदा अडकलेय. चौथा मजला रोज जिन्यानं चढते.”

“कधी अडकलात?”

“वर्ष झालं असेल.”

“मग माझ्या आधी,” तो म्हणाला. फुशारकी नव्हती त्यात. डॉक्टर जुनं दुखणं विचारून घेतो, तसं.

बाई खिडकीमागून बाहेर आल्या. लिफ्टच्या दारात क्षणभर थबकल्या, मग चष्मा सावरून आत शिरल्या. प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या तक्त्यावर आठवड्याला एक चौकोन होता. त्या बोट फिरवत मोजू लागल्या. तीस सह्या भरल्या. त्यांनी परत मोजल्या.

“एकही मंगळवार सुटला नाही?”

“सुटला तर लिफ्ट चहाडी करते.”

बाईंनी अर्जावरची सही तक्त्यावरच्या सहीशेजारी धरली. “सलग,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मोठ्यानं, “तारीख खोडून खरी लिहा, बाजूला सही करा. याची प्रत मी जोडते. शुक्रवारी येऊन कार्ड घेऊन जा.”

बायकोनं इतका लांब श्वास सोडला की बाक करकरला. “आणि मी सात महिने म्हणत होते, लिफ्टवाचून माणसाचं काही अडत नाही...”

“अडतं, असं मी म्हणत होतो.”

“हसवू नका हो, दुखतंय!”

प्रत काढायचं यंत्र चौथ्या मजल्यावर होतं. बाईंनी पाकीट काढून छातीशी धरलं, सवयीनं जिन्याकडे पाहिलं आणि लिफ्टमध्येच उभ्या राहिल्या. त्यांनी बटण दाबलं. दार मिटलं.

मेकॅनिक बाहेर मान तिरकी करून मोटारीचा आवाज ऐकत राहिला. वर, चौथ्यावर, घंटी वाजली. मगच तो बायकोशेजारी जाऊन बसला.