शिवांजलीचं पान

फरीदाबादच्या मराठी मंडळातून माणूस गेलं, तरी त्याचं नाव जात नसे. पद्माकर दातार वारले तेव्हा ठरलं, की लेटरहेडवर अध्यक्ष म्हणून त्यांचंच नाव राहू द्यायचं, निदान वर्षश्राद्धापर्यंत. वर्षश्राद्ध झालं, वर आणखी एक गणपती येऊन गेला. नाव काढा असं म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

मंडळाची वेबसाइट दातारांनीच उघडली होती. 'डॉट इन' ही देशाची दोन अक्षरं शेवटी लावून कुणालाही वेबसाइटचं नाव घेता येऊ लागलं, त्याच वर्षी. केवढी हौस! कालव्यापलीकडे, नहरपार, नवे टॉवर उठत होते, पुण्या-मुंबईची पोरं नोकरीला येत होती, त्यांना मंडळ सापडायला हवं ना. नोंदणी त्यांनी स्वतःच्या नावानं केली, स्वतःच्या ईमेलवर. मग ते गेले, आणि 'मुदत संपतेय, नूतनीकरण करा' अशी पत्रं त्या मेलवर येत राहिली. कुलूपबंद घराच्या दाराखालून टपाल आत पडत राहावं, तशी. एके दिवशी नाव मोकळं झालं आणि कुणीतरी ते उचललं.

सुनीतीबाईंना हे कळलं ते शिवांजलीच्या फोनमुळे.

"मावशी, मंडळाची वेबसाइट उघडून बघा. एकट्या असाल तेव्हा."

सुनीतीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, वीस वर्षं मंडळाची वधूवर वही सांभाळणाऱ्या. ती वही वेबसाइटवर घालायचं त्यांच्याच डोक्यातून निघालेलं. त्यांनी पान उघडलं. वर मंडळाचं नाव तसंच, कडेची आंब्याची डहाळीही तशीच. खाली अकरा मुलींचे फोटो, आणि फोटोंखाली हिंदीत असं काही लिहिलेलं, की बाईंनी पडद्यावर हात ठेवला. शिक्षण गेलं होतं, रास गेली होती. उंची तेवढी ठेवली होती. पाच फूट तीन इंच.

दहा मुलींच्या फोटोखाली बापाच्या घरचा फोन होता. शिवांजलीच्या खाली तिचा स्वतःचा मोबाइल. तिचे वडील शहाजी फौजेत सुभेदार, सीमेवर. आई हौसाबाई दिल्ली कँटच्या क्वार्टरमध्ये, फोन वाजला की पदराला हात पुसत नुसती बघत राहणारी. तेव्हा बाईच म्हणाल्या होत्या, "मुलीचाच नंबर देऊ या. जमाना बदललाय."

त्या कँटला गेल्या तेव्हा हौसाबाई तांदूळ निवडत बसली होती. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. सुपातल्या खड्यांकडे बघत तिनं हलकेच एक ओवी म्हटली, कुणाला ऐकवायची म्हणून नव्हे:

लेकीचं नाव घेते, पदराआड हळू बाई
वाऱ्याला कान फार, माळाला दार न्हाई

मग म्हणाली, "बाई, हे दसऱ्याच्या रजेला येत्यात. त्याच्या आत तेवढं पुसून टाका. त्यांच्या पलटणीतबी आता कंप्युटर हाय."

दसऱ्याला सदतीस दिवस होते.

मंडळाचा सेक्रेटरी अशोक नोएडात कंप्युटरच्याच नोकरीत. तो म्हणाला, "काकू, तीन दारं आहेत. नाव विकणारी कंपनी, देशाची नोंदणी कचेरी आणि पोलीस."

कंपनीनं कळवलं, नावाच्या मालकाशी बोला. मालकाच्या पत्त्यात सेक्टर शून्य आणि घर नंबर शून्य. पोलीस म्हणाले, जिचा फोटो आहे तिला पाठवा. उरली नोंदणी कचेरी. तिचा गैरवापराच्या तक्रारीचा फॉर्म बाई भरायला बसल्या. 'तक्रारदाराचा संबंध' या रकान्यात त्यांनी लिहिलं, मानलेली मावशी.

"काकू, हे असं नाही लिहीत यार!"

"का? संबंध विचारलाय ना? मग खोटं लिहू?"

अशोकला हसू आलं, बाईंनाही. तेवढंच काय ते हसणं.

फॉर्मच्या शेवटी होतं, पुरावा जोडा. बाई बाजारातल्या सायबर कॅफेत गेल्या आणि तक्रारीपुरता शिवांजलीचा तेवढा भाग छापायला दिला. रंगीत छपाईचं यंत्र वरून खाली शिवांजलीला सोडत गेलं. आधी केसातला गजरा, मग कपाळ, मग हसू, मग तो मजकूर. कॅफेवाल्या गृहस्थानं कागद उचलला आणि लगेच दिला नाही. बाई हात पुढे करून उभ्या राहिल्या.

दिल्लीतल्या कचेरीत त्या स्वतः गेल्या. बदरपूरला बस बदलून, छातीशी फाइल धरून. अधिकारी भला माणूस. त्यानं खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"मैडम, नाम पहले आपका था, ये दिखाना होगा. जिनके नाम पर था, पद्माकर जी, उनसे एक चिट्ठी लिखवा लाइए."

"वो गुज़र गए. दो साल हुए."

त्यानं मंडळाचा अर्ज उलटा करून त्यांच्यापुढे सरकवला. लेटरहेडवर बोट ठेवलं. "लेकिन यहाँ तो अध्यक्ष हैं. पिछले हफ़्ते की तारीख़ है."

काय सांगणार? गेलेल्या माणसाचं नाव आम्ही काढत नाही, आमच्यात ते बरं दिसत नाही, हे हिंदीत कसं सांगतात? बाईंनी सांगून पाहिलं. त्यानं मान हलवली, पण त्याच्या नजरेत एक बारीक शंका येऊन बसली, ती उठेना. मृत्यूचा दाखला आणा, म्हणाला. नवा अध्यक्ष नेमल्याचा ठराव आणा. मालकाचा पत्ता खोटा दिसतोय, त्याबद्दल त्याला नोटीस जाईल, उत्तराला मुदत द्यावी लागेल. आणि हो, प्रत्येक अर्जाला पुरावा पुन्हा जोडा, रंगीत, म्हणजे साहेबांना नीट दिसेल.

दातारवहिनींकडून दाखला आला. देताना त्यांनी तो डोळ्यांना लावला. सभा भरली. राजाभाऊ अध्यक्ष झाले, कुणी टाळी वाजवली नाही. लेटरहेड नवं छापलं. बाई चारदा सायबर कॅफेत गेल्या. तो गृहस्थ आता नुसतं विचारी, "वही फोटो वाला?"

दसऱ्याला सहा दिवस उरले असताना पान बंद झालं. बाईंनी तीनदा उघडून पाहिलं. कोरं. त्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि फोन लावला.

"शिवांजली, गेलं गं! पुसलं बघ!"

पलीकडून गुरगावच्या तिच्या ऑफिसातली कुजबुज येत राहिली.

"मावशी, परवाच दुसऱ्या नावावर आलंय. एक अक्षर तेवढं वेगळं. सगळ्या जणी आहोत."

"अगं, मग परत करू तक्रार. आता रस्ता माहितेय आपल्याला. नवं लेटरहेड आहे, मी उद्याच..."

"नको ना मावशी." आवाज चढला नाही, उलट लहान झाला. "तुम्ही जिथं जिथं गेलात, तिथं तिथं मीही गेले. कंपनीत, पोलीस ठाण्यात, साहेबांच्या टेबलावर. माझा फोटो किती फाइलींत लावलाय तो? ऑफिसात मला नजरा कळतात, पण तिथं कोण कोण बघतं तेही मला कळत नाही. आता आणखी नको छापू."

आजवर 'अहो मावशी' म्हणणारी मुलगी 'नको छापू' म्हणाली, आणि बाईंना ते आईला म्हटल्यासारखं लागलं.

"आणि बाबांना?"

"आई सांगणार आहे. स्टेशनवरून घरी येईपर्यंत सांगते म्हणाली. रिक्षात. घरात शिरल्यावर तिला नाही जमायचं." मग ती म्हणाली, "ब्रेक संपला माझा. ठेवते."

फाइलीत जादा काढलेल्या पाच प्रती उरल्या होत्या. कचऱ्यात टाकाव्यात, तर कचरा वेचणाऱ्याच्या हाती पडतील. फाडाव्यात, तर जित्या पोरीच्या तोंडावरून फाडायचं कसं? जाळायचं तर बाईंच्या मनातही आलं नाही. त्यांनी लाल शाईचं पेन घेतलं, वह्या तपासायचं जुनं, आणि पाचही कागदांवरचा फोन नंबर खोडला. इतका, की कागद मागून फुगला. मग तो मजकूर खोडला. उंचीही खोडली.

वर उरली शिवांजली, गजरा माळलेली, कुणीतरी 'हस गं' म्हटल्यावर हसलेली. ते 'हस गं' कोण म्हणालं होतं, ते बाईंना ठाऊक होतं.

त्या कागद मांडीवर घेऊन बसून राहिल्या. कुठं ठेवावेत, ते काही त्यांना सुचेना.