वरचं पान

मी चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या एका कंपनीतला सर्व्हर बोलतोय. शहराबाहेर एन्नोरला या कंपनीची मासळी साठवायची मोठी शीतगृहं आहेत. तिथले जाणते इंजिनिअर एकेक करून निवृत्त होऊ लागले, तेव्हा व्यवस्थापक हेमलताताईंनी मला आणलं. कोणतं यंत्र कसं बिघडतं, कसं दुरुस्त होतं, सगळं त्यांनी लोकांच्या मागे लागून माझ्यात लिहून घेतलं.

माणसांना लिहायचा उत्साह, पुसायचा मात्र कंटाळा. गेल्या वर्षी शीतगृह थंड ठेवणाऱ्या अमोनिया वायूचे पाइप बदलले. नवी माहिती माझ्यात आली, पण जुनं पानही तसंच राहिलं. हेमलताताई ते काढायला निघाल्या, तर संचालक विश्वेशसाहेब म्हणाले, "राहू द्या हो. बैठकीत पानांचा आकडा मोठा दिसतो."

मग एका दुपारी एन्नोरला अमोनिया गळू लागला. पाळीवर तुळसी होती, तंजावरकडच्या मराठी घरातली तरुण इंजिनिअर. तिने घाईघाईने मला विचारलं. जे पान जास्त वाचलं गेलंय ते मी वर दाखवतो; मला तेवढंच कळतं. वर आलं ते जुनं पान: पुढचा व्हॉल्व्ह आधी बंद करा. नव्या पाइपात तसं केलं असतं, तर अमोनिया कोंडून पाइपच फुटला असता.

गळतीबद्दल कुणी विचारलं की हेमलताताईंच्या पडद्यावर सूचना जाते. जुनंच पान वर आलेलं त्यांनी त्यात पाहिलं. त्यांनी फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला.

"तुळसी, कुठे आहेस?"

"पुढच्या व्हॉल्व्हपाशी, मॅडम. मास्क लावलाय. बंद करतेय."

"हात काढ! ते जुन्या पाइपांचं पान आहे. आधी टाकीजवळचा."

"अय्यो! नक्की ना, मॅडम? टाकीकडेच वास जास्त आहे."

"नक्की. मी फोनवरच आहे."

पावलं ऐकू आली. खोकला. मग व्हॉल्व्ह फिरल्याची करकर. ताईंनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"थांबला, मॅडम," तुळसी हुंदका आवरत म्हणाली.

तिथल्या दोघा कामगारांचे डोळे गॅसने चुरचुरत होते; संध्याकाळी ते आपल्या पायांनी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी विश्वेशसाहेब माझ्यावरच चिडले. "काढा हा भंगारात! नवा घेऊ, हुशार."

"कुणी पुसलं नाही, तर नवाही जुनंच सांगेल, सर," ताई म्हणाल्या. "प्रत्येक पानाला एक जबाबदार माणूस द्या. आकडा घटेल. चालेल?"

साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

आता माझी निम्मी पानं गेलीत. हलकं वाटतं, थोडं रितंही. ते जुनं पान तुळसीने स्वतः येऊन काढलं. माझं एवढंच मागणं: मला जरूर विचारा, पण माझ्यावर नजर ठेवा. चुकतो मी, पण गॅस शिरतो तो तुमच्या छातीत.