बाईंकडे गॅस आला

धाकूला एकट्याला राहता येईल असं आमच्या वाडीत फक्त मला वाटत होतं. बाकीच्यांना वाटत नव्हतं, पण त्यांतले निम्मेअधिक माझ्याच हाताखाली पाढे शिकलेले, त्यामुळे तोंडावर कोणी बोललं नाही. जन्मभर मराठी शाळेत शिकवलं की माणसं आपल्या पुढ्यात गप्प बसतात आणि पाठ वळली की बोलतात. मला दोन्हीची सवय आहे.

धाकू म्हणजे सखूचा धाकटा मुलगा. पंचविशीच्या आतबाहेरचा, अंगाने भरलेला, आंब्याच्या कलमांना पाणी शिंपायला लागला की दोन गड्यांचं काम एकटा करणारा. समज मात्र लहान पोराची. माझ्या पहिलीच्या वर्गात तो वर्षानुवर्षं बसला. अक्षर एक आलं नाही, पण शाळा सुटायची वेळ झाली की माझ्याआधी त्याला कळायचं. मला, सरपंचाला, सगळ्या जगाला तो तू म्हणतो. त्यात उद्धटपणा नाही, त्याच्याकडे दुसरा शब्दच नाही.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर सखू झोपेतच गेली. तिचा थोरला, हरिश्चंद्र, मुंबईला एका छापखान्यात असतो. तेरावं झाल्यावर तो म्हणाला, धाकूला मी घेऊन जातो. एका खोलीत बायको, मुलं, सासू आणि त्यात हा. नाहीच जमलं तर अशा मुलांची एक संस्था आहे तिकडे, तिथे ठेवू. हे ऐकलं आणि धाकू घरामागच्या फणसावर जाऊन बसला तो अंधार पडेपर्यंत उतरला नाही. मी हरिश्चंद्राला म्हटलं, राहू दे त्याला स्वतःच्या घरात, मी बघते. हरिश्चंद्र वाईट मुलगा नाही. बघा म्हणाला, पण एक जरी तक्रार कानावर आली तरी येऊन घेऊन जाईन, मग अडवू नका.

झालं, मी धाकूची शाळा पुन्हा भरवली. भाताला पाणी बोटाच्या पेरापर्यंत. काड्यापेटी डब्यात, डबा फळीवर. टोप उतरवताना फडकं. रॉकेलला हात लावायचा नाही, विहिरीवर वाकून बघायचं नाही. पहिले काही दिवस त्याने भाताचा कोळसा केला आणि तो निमूटपणे खाल्लाही. मी चिडचिड केली, कपाळावर हात मारून घेतले, पण देवदिवाळीनंतर हळूहळू त्याच्या टोपात भातासारखा भात दिसायला लागला.

सगळ्यात मोठा धडा धुराचा. माझं घर व्हाळाच्या अलीकडे, त्याचं पलीकडे. व्हाळाला पावसाळा सोडला तर पाणी नसतं, आणि माझ्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उभं राहिलं की त्याची कौलं दिसतात. मी त्याला सांगितलं, सकाळी उठलास की चूल पेटवायची आणि आंघोळीचं पाणी ठेवायचं. कौलांतून धूर आला की माणूस बरा आहे असं समजायचं. धूर दिसला नाही की जाऊन बघायचं. एवढं सोपं. त्याने मान हलवली आणि त्या दिवसापासून एक सकाळ चुकवली नाही. मी चहाचा कप घेऊन खळ्यात यायचे, पलीकडे धूर दिसायचा, माझा जीव भांड्यात पडायचा.

आणि मग माघात माझ्याकडे गॅस आला.

ही माझ्या मुलीची, सावित्रीची करणी. ती रत्नागिरीत असते. या वयात एकटी कशाला राहतेस, आमच्याकडे ये, हा तिचा धोशा कित्येक वर्षांचा. मी तिला दर वेळी एकच सांगते, मला कोणाची गरज नाही. शेवटी तिने माझ्या नावाने गॅससाठी नंबर लावला आणि तो लागला. टेंपोतून शेगडी आली, सिलिंडर आला, अर्धी वाडी बघायला जमली. त्या दिवशी धाकू बागेत होता. मी चूल सारवून ठेवली आणि तिच्यावर पाट टाकला. खोकला कमी होईल म्हणून मी खूश होते, उगाच खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दार वाजलं. धाकू. अंगावर शर्ट नाही, धावत आलेला, छाती वरखाली होतेय. मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, हायस? म्हटलं, आहे की, जाणार कुठे? तो ओटीवरून आत डोकावला आणि गेला. त्या सकाळी त्याच्या कौलांवर धूर उशिरा आला. मी जाऊन त्याला झापलं.

पुढे रोज तेच. उजाडलं की दारात. बघायचं, डोकावायचं, जायचं. मग दुपारचाही यायला लागला, हातात झाकलेला टोप घेऊन. आत पेज. माझ्यासमोर ठेवायचा आणि मी खाईपर्यंत खळ्यात बसून राहायचा. मी वैतागले. मी याला स्वतःपुरतं रांधायला शिकवतेय आणि हा मला वाढतोय. शेजारची मालन हसून म्हणाली, बाई, तुम्हाला मुलगा नाही तर देवाने सून दिलीन.

त्यात त्याचं बोलणं बदललं. एरवी हा व्हाळाच्या पलीकडून हाका मारणारा, आता माझ्या खळ्यात आला की कुजबुजायला लागला. बागेत जाईना. वाडीत घरोघर जाऊन विचारायला लागला, तार केली काय? कसली तार, कोणाला तार, काही नाही. पोस्टमनला रस्त्यात अडवून त्याने सावित्रीला तार केलीस काय म्हणून विचारलं. पोस्टमनने मला सांगितलं. मी धाकूला जवळ बसवून विचारलं तर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच वेड्यासारखं बोलत होते.

माझं डोकं चालेना. चार महिने सुतासारखा सरळ चाललेला मुलगा असा कसा बिघडला? मी त्याचं काय चुकवलं? कोणी भरवलं का काही त्याच्या डोक्यात? वाडीत कोणी म्हणे सखूचं मन घरात राहिलंय, कोणी म्हणे अमावास्येला याला बांधाकडे पाठवलं होतं, तिथलं काही लागलं. मला असल्या गोष्टी पटत नाहीत. पण न पटणाऱ्या गोष्टीच्या जागी ठेवायला माझ्याकडे दुसरी कुठली नव्हती.

मग तो दुपारचा प्रकार झाला. मी ओटीवर चटई टाकून पडले होते, डोळा लागला होता. जाग आली ती तोंडावर ऊन ऊन हात आल्याने. धाकू माझ्यावर वाकलेला, पंजा माझ्या नाकाशी. त्याच वेळी मालन ताक मागायला आलेली. तिने जी किंकाळी फोडली ती बांधापर्यंत गेली असणार. धाकू पळाला. घटकाभरात वाडीत झालं, धाकू बाईंचा गळा दाबत होता.

गळा नव्हता दाबत, एवढं मी सगळ्यांना सांगितलं. पण मग काय करत होता, ते मला सांगता येईना. आणि मी घाबरले होते. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा दाराला आतून कडी घातली आणि मनात म्हटलं, गोदूबाई, तुझंच चुकलं असेल तर? वाडीने पोस्टातून हरिश्चंद्राच्या छापखान्यात फोन लावला तेव्हा मी अडवलं नाही.

हरिश्चंद्र रातराणीने आला. सकाळी आधी घरी जाऊन त्याने धाकूचे कपडे पिशवीत भरले आणि मग माझ्या ओटीवर येऊन बसला. संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढूनच आलो म्हणाला. माझ्यावर रागावला नव्हता, तेच मला जास्त लागलं. तुम्ही खूप केलंत, म्हणाला, आता माझ्यावर सोडा. मालन दाराशी उभी होती. धाकू खळ्यात, टोप घेऊन. त्या दिवशीही त्याने पेज आणली होती.

हरिश्चंद्राने त्याला विचारलं, बाईंच्या तोंडावर हात का ठेवलास? पुन्हा विचारलं, आवाज चढवून. धाकूने टोप छातीशी धरला. मग मी उठले, खळ्यात उतरले आणि त्याच्या बाजूला धोंड्यावर बसले. म्हटलं, धाकू, मी रागावलेली नाही. मला कळत नाहीये म्हणून विचारतेय. तुला काय झालंय?

तो माझ्या कानाशी वाकला.

"बाई, तुज्या घरात कोन मेला?"

"कोणी नाही रे."

"मंग चूल का पेटत नाय?" तो म्हणाला. "धूर नाय. रोज बगतंय. मना कोन सांगत नाय. आयच्या वक्तालाबी नाय सांगितला. राजापूरला गेली म्हनाले समदे."

मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे पेज-भात आणून देतात, आवाज न चढवता बोलतात, लांबच्या माणसाला तार करतात. ही आमची रीत. धाकूला ती कोणी शिकवली नव्हती. आईच्या वेळी त्याने सगळं बघितलं होतं, मी सखूच्या नाकाशी हात धरून बघितलं होतं तेही. भाताचं पाणी शिकवायला मला कित्येक दिवस लागले होते. हे तो एका सकाळीत शिकला होता. आणि माझ्या घरात माणूस एकच, मी. मेलं असणार ते मीच. पण मी तर चालतेय, बोलतेय, त्याला झापतेय. बिचारा इतके दिवस या गोंधळात होता, आणि तरी रोज पेज आणत होता.

मी त्याला हाताला धरून आत नेलं. पाट काढून थंड चूल दाखवली, शेगडी दाखवली, काडी लावली. तो मागे सरला, मग जवळ येऊन खाली वाकून बघितलं, वर कौलांकडे बघितलं. हा विस्तवच, म्हटलं, फक्त याला धूर नसतो.

"मंग तू बरी हायस ता मना कसा कळंल?"

चार महिने मी त्याच्यावर नजर ठेवून होते, आणि पलीकडून रोज सकाळी कोणी माझ्या कौलांकडे बघतंय हे माझ्या गावीही नव्हतं. मला लाज वाटली, स्वतःचा राग आला, आणि बरंही वाटलं. त्यातलं कोणतं किती, ते मला अजून सांगता येत नाही.

हरिश्चंद्र आमच्यामागे आत आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. पण तो मुंबईत संसार करणारा माणूस, त्याला पुढचं दिसत होतं. म्हणाला, बाई, आज हे उलगडलं, उद्या दुसरं काही त्याच्या डोक्यात बसेल. आणि तुमचं वय. उद्या तुम्हालाच काही झालं तर?

"मला काही झालं तर मालनच्या आधी, सावित्रीच्या आधी याला कळेल," मी म्हटलं. "त्यानंतर याचं कसं, ते मला माहीत नाही. याला एकट्याला राहता येतं की नाही, तेही आता माझ्याच्याने छातीठोक सांगवत नाही. मला येतं असं मात्र मी समजत होते, आणि ते खरं नव्हतं. याला नेऊ नको, हरिश्चंद्रा."

कोणाला अशी विनवणी करायची मला सवय नाही. मालन दाराशी उभी राहून ऐकत होती.

हरिश्चंद्राने वाकून शेगडी बंद केली. मग ओटीवरची पिशवी आणून त्याने धाकूच्या हातात दिली आणि कपडे घरी नेऊन ठेव म्हणाला. धाकूने पिशवी घेतली, पण हलला नाही. काहीतरी त्याला अजून जुळत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं.

"बाई नाय मेली?"

"नाय रे," हरिश्चंद्र म्हणाला.

"कोनच नाय मेला?"

"नाय."

"मंग तू कशाला आयलास?"

बाप गेला तेव्हा हरिश्चंद्र आला होता, आई गेली तेव्हा आला होता. गणपतीला सगळी वाडी मुंबईकरांनी भरते, पण तेव्हाच छापखान्यात काम जास्त, म्हणून याचं येणं होत नसे. तो खाली पाटावर बसला. धाकूला वाटलं भूक लागली असेल, म्हणून त्याने पेजेचा टोप भावाच्या पुढ्यात सरकवला. संध्याकाळची गाडी व्हाळावरून भोंगा वाजवत गेली तेव्हा दोघं भाऊ माझ्या ओटीवरच होते.